बाहेर कोण पडलं? : एका बिनमुखपृष्ठाच्या कोशाचं परीक्षण

विमानाच्या डाव्या पंखाला आग लागली आहे. कॉकपिट धुराने भरलंय. वैमानिक मागे वळून जिवाच्या आकांताने ओरडतो, “बेल आउट! बेल आउट!” आणि पडद्यावर खाली पांढऱ्या अक्षरांत मराठी ओळ उमटते, “जामीन घ्या! जामीन घ्या!”

ती ओळ मी लिहिली होती.

सबबी खूप आहेत. मी सबटायटल्स लिहून पोट भरते. त्या आठवड्यात लागोपाठ दोन कोर्टकचेरीचे सिनेमे हातावेगळे केले होते आणि त्यांत ‘बेल’ इतक्या वेळा आला होता की बोटं आपोआप ‘जामीन’ टाइप करत होती. शिवाय घाई होती, म्हणून चित्र न बघता नुसत्या संवादांच्या फाइलवरून काम उरकलं. पण तपासनिसाच्या एका ओळीच्या निरोपापुढे यातली एकही सबब टिकली नाही. त्याने विचारलं होतं, “मॅडम, न्यायाधीश विमानात कुठे बसलेत?”

वैमानिक म्हणत होता, उडी मारा. म्हणून हा कोश आला. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून काढलेला, फक्त फ्रेझल व्हर्ब्जचा, विटेएवढा जाड. मुखपृष्ठ नाही, पुढची आठ-दहा पानंही गळालेली. त्यामुळे संपादक कोण, प्रकाशक कोण, आवृत्ती कितवी, यातलं मला काहीही माहीत नाही आणि कृपया कोणी विचारू नका. नाव नसलेल्या वस्तूचं परीक्षण कशाला, असं वाटेल. पण या जातीचे कोश एकमेकांची भावंडं शोभावीत इतके सारखे असतात. माझ्या प्रतीबद्दल जे म्हणणार आहे त्यातलं पुष्कळसं तुमच्याही हाती येईल त्या प्रतीला लागू पडेल.

आधी ज्यांना हा प्रकार नुसताच छळतो, पण त्याचं नाव माहीत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्रजीत साधं, बाळबोध क्रियापद घ्यायचं, त्याला अप, आउट, ऑफ, इन यांपैकी एखादं शेपूट जोडायचं, की अर्थ असा उडी मारतो की मूळ क्रियापद ओळखूही येऊ नये. ‘पुट’ म्हणजे ठेवणे; ‘पुट अप’ म्हणजे मुक्कामाला ठेवून घेणे; ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सोसणे. (पाहुणा लांबला की दुसऱ्याचं तिसरं होतं, पण ते कोशात नाही.) आपल्याकडेही शेपटं आहेतच. ‘सांगून टाकलं’ म्हणणारा मोकळा झालेला असतो आणि ‘सांगून बसलो’ म्हणणारा पस्तावलेला. टाकणे आणि बसणे यांचा तिथे फेकण्याशी किंवा बूड टेकण्याशी काही संबंध उरलेला नसतो. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि ज्याची नाही त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. इंग्रजी फ्रेझल व्हर्ब आपल्या डोळ्यांत पाणी आणतो, म्हणजे फिटंफाट.

परदेशी माणसाची ही रड इंग्रजांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय की क्रियापदाला असे तुकडे जोडून अर्थ बदलण्याची खोड इंग्रजीत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परक्यांना सगळ्यात मोठी अडचण याचीच होते. त्याच्या उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे. अर्थ दिलाय ‘नक्कल करणे’. विमानं तेव्हा नव्हती, त्यामुळे आज ‘टेक ऑफ’ म्हटलं की जे पहिलं डोळ्यांपुढे येतं ते त्या माणसाच्या स्वप्नातही नव्हतं. गंमत म्हणजे या प्रकाराला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापात मिळायला १९२५ उजाडावं लागलं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने ते आपल्या पुस्तकात वापरलं आणि सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे रोग पुरातन, बारसं अलीकडचं.

तर कोश. नवा कोश हाती आला की लोक आधी प्रस्तावना वाचतात, मी अपराधाच्या जागी जाते. माझ्या प्रतीला प्रस्तावना नसल्याने प्रश्नच नव्हता. थेट ‘बेल आउट’ काढला. पान ११, उजवा रकाना.

पाच अर्थ दिलेत, एक ते पाच आकडे घालून. कैद झालेल्याला जामिनावर सोडवणे. अडचणीतल्या माणसाला किंवा कंपनीला पैसे देऊन तारणे. होडीतलं पाणी उपसणे. विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणे. आणि नकोशा झालेल्या कामातून अंग काढून घेणे. प्रत्येकाखाली दोन-दोन वाक्यं, तीही माणसं खरोखर बोलतील अशी. एक खूण ब्रिटिश वापराची, एक अमेरिकनची. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कर्म कुठे बसतं याची खूण: क्रियापद आणि शेपूट यांच्या मध्ये, शेपटानंतर, की मुळात कर्म लागतच नाही.

या खुणेला मी पहिल्या दिवशी दाद दिली नव्हती. नंतर लक्षात आलं की माझी विमानातली फजिती नुसत्या या खुणेने टळली असती. जामिनाच्या अर्थी सोडवायला कुणीतरी लागतो: त्याला बेल आउट करा, माझ्या भावाला बेल आउट करा. वैमानिक ओरडतो तेव्हा मध्ये कुणीच नसतं. नुसतं ‘बेल आउट’. कर्म नाही म्हणजे जामीन नाही. इतकं साधं गणित होतं.

कौतुक इथे संपलं. कारण पाच अर्थ एकाखाली एक मांडून कोश गप्प बसतो. एक नंबर एक का आहे, चार नंबर त्याच्या शेजारी कसा आला, तुरुंग, होडी आणि विमान एका रकान्यात काय करताहेत, याबद्दल अवाक्षर नाही. रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसं बसावीत तसे हे पाच अर्थ बसलेत, नजर चुकवून. आणि अनोळखी माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून आठवायला बसले तर मला पाचातले तीनच आठवले.

मग जी मेहनत कोशाने करायला हवी होती ती मी केली. मोठे ऐतिहासिक कोश चाळले, व्युत्पत्त्या बघितल्या, आणि कामापुरती एक युक्ती सापडली. बेल आउट दिसला की एकच प्रश्न विचारायचा: बाहेर कोण पडलं?

कोर्टात बाहेर पडतो तो कैदी, आणि त्याला बाहेर काढणारा दुसराच कुणी असतो. हा ‘बेल’ जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे ‘बाइये’ म्हणजे सोपवणे, हवाली करणे. आरोपीला तुरुंगात न ठेवता एखाद्या भरवशाच्या माणसाच्या हवाली करायचं आणि तारखेला हजर करायची जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकायची. इंग्लंडात कुणाला असं सोडता येईल आणि कुणाला नाही, हे १२७५च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ठरवलं. १६८९च्या बिल ऑफ राइट्सने बजावलं की अवाच्या सवा जामीन मागू नका, आणि तेच बोल १७९१मध्ये अमेरिकेच्या घटनेच्या आठव्या दुरुस्तीत जाऊन बसले. आपला ‘जामीन’ शब्दही असाच आहे. अरबीतून आलेला तो मुळात माणूस आहे, हमी घेणारा. म्हणून तर मराठीत ‘मी त्याला जामीन राहिलो’ असं म्हणता येतं. आता जामीन ‘मिळतो’, ‘भरतात’, ‘नाकारतात’. माणूस गेला आणि रक्कम उरली. इंग्रजीतही हेच झालं. अमेरिकेत तर त्या माणसाच्या जागी दुकान आलं: बेल बाँड्समन, जो आरोपीची हमी घ्यायला साधारण दहा टक्के फी घेतो आणि ती परत देत नाही. हे पात्र सिनेमात आलं की माझी पंचाईत होते, कारण ‘जामीनदार’ म्हटलं की मराठी कानाला तो आरोपीचा मामा वाटतो. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३पासून रोख जामिनाची पद्धतच बंद केली, त्यामुळे तिथल्या नव्या कथांपुरता तरी माझा एक प्रश्न सुटला.

होडीत बाहेर पडतं पाणी. हा ‘बेल’ वेगळा. फ्रेंचमध्ये ‘बाय’ म्हणजे बादली. त्यावरून इंग्रजीत आधी बादली झाली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी उपसण्याची क्रिया झाली. इथे कर्माची एक लकब आहे जी कोशाने दोन उदाहरणांत दाखवलीय, पण सांगितलेली नाही. पाणी बेल आउट करता येतं आणि होडीही बेल आउट करता येते. म्हणजे बाहेर जाणारं पाणी, पण कर्म होडी! व्याकरणाच्या विद्यार्थ्याला हे समजावताना घाम फुटत असेल. मराठी माणसाला मात्र काही विशेष वाटू नये, कारण आपण पाणी उपसतो आणि विहीरही उपसतो. विहीर कुठेही जात नाही, जागच्या जागी असते, तरी ती उपसली जाते. ‘उपसणे’ हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला. गाळ उपसतात, तलवार उपसतात, आणि कष्ट उपसतात. शेवटच्या उपसण्यात बाहेर काय येतं कोण जाणे. पण दिवसभर बादली ओढणाऱ्याला ते विचारायची गरज पडत नसावी. आपल्या या शब्दाचा कोणी परदेश्यांसाठी कोश केला, तर तोही एक ते चार आकडे घालून गप्प बसेल, आणि कुणीतरी बिचारा ‘त्याने आयुष्यभर कष्ट उपसले’ याचं भाषांतर करताना हातात तलवार देईल.

विमानात बाहेर पडतो तो बोलणारा स्वतः. कुणी कुणाला काढत नाही. हा अर्थ त्या मानाने तरुण. छापील मजकुरात तो १९३०च्या सुमारास रुळलेला दिसतो, आणि त्याआधी दिसणं शक्यही नव्हतं, कारण वैमानिकाने पाठीवरचं पॅराशूट स्वतः दोरी ओढून उघडायचं, ही गोष्टच नवी होती. लेस्ली अर्विनने २८ एप्रिल १९१९ला ओहायोतल्या मॅकुक फील्डवर तशी पहिली ठरवून उडी मारली. २० ऑक्टोबर १९२२ला त्याच तळावरच्या हॅरल्ड हॅरिस या वैमानिकाचं विमान हवेतच मोडायला लागलं, तेव्हा त्याने उडी घेतली आणि जगला. त्यातून अशा जगलेल्यांचा ‘कॅटरपिलर क्लब’ निघाला. पॅराशूट रेशमाचं, रेशीम किड्याचं, म्हणून सुरवंट. सदस्याला सुरवंटाची इवलीशी सोन्याची पिन मिळायची. चार्ल्स लिंडबर्गने अटलांटिक एकट्याने ओलांडण्याआधीच चार वेळा असा जीव वाचवला होता.

पण उडी मारण्याला ‘बेल’ का म्हणायचं? इथे जाणकारांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, होडीतून पाणी बाहेर फेकावं तसा वैमानिक स्वतःला बाहेर फेकतो. दुसरा पक्ष दाखवतो की ब्रिटिश लोक हा शब्द बी-ए-एल-ई असा लिहितात, म्हणजे गठ्ठा, गासडी. मालाची गासडी दारातून ढकलावी तसा माणूस ढकलला जातो. मला मनातून गासडी आवडते. त्यात भीती आहे. पाणी उपसणारा निदान काहीतरी करत असतो, तर गासडीच्या हातात काहीच नसतं. पण आवडणं हा पुरावा नव्हे, आणि ब्रिटिश लोक होडीतलं पाणी उपसतानाही पुष्कळदा बी-ए-एल-ई असंच लिहितात, म्हणजे स्पेलिंगवरून निकाल लागत नाही. कोशाने या स्पेलिंगची नोंद केली आहे, कंसात, मुंगीएवढ्या टाइपात. का, ते नाही. जामिनाच्या अर्थी मात्र गासडीचं स्पेलिंग चालत नाही, ही कामाची गोष्टही त्याने सांगितलेली नाही, आणि याबद्दल मी अर्धा तारा कापते आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. जामिनाचा बेल आणि बादलीचा बेल हे दोन वेगळे शब्द, असं मी वर म्हटलं. कोशही ते एकत्र टाकतो तेव्हा घोळ घालतो, असं माझं ठाम मत झालं होतं. मग दोघांची मुळं आणखी खाली खणली, आणि दोन्ही फांद्या एकाच बुंध्यापाशी आल्या. लॅटिनमधला ‘बायुलुस’. अर्थ: ओझं वाहणारा, हमाल. सोपवलेली जबाबदारी वाहतो तो एक, पाणी वाहते ती बादली दुसरी. ‘बेलिफ’ त्याच घरातला. कॉन्स्टँटिनोपलला व्हेनिसचा जो प्रतिनिधी बसायचा त्याला ‘बाइलो’ म्हणत, तोही त्याच घरातला. कोर्टात हमी घेणारा आणि होडीत बादली मारणारा हे दूरचे चुलतभाऊ निघाले. शतकानुशतकं एकमेकांना न ओळखता एकाच रकान्यात येऊन बसले. मी त्या रात्री कोशाची माफी मागितली नाही, कारण त्याला हे माहीत असल्याचं काही चिन्ह नव्हतं. पण हमाल हे चित्र डोळ्यांपुढे आल्यापासून मला पाचही अर्थ एकदाही चुकलेले नाहीत.

(क्रिकेटवाल्यांनी एव्हाना हात वर केला असेल. स्टंपांवरच्या बेल्स या हमालाच्या नव्हेत. त्या तटबंदीच्या, कुंपणाच्या घरातल्या मानल्या जातात. किल्ल्याच्या बाहेरच्या तटाला इंग्रजीत ‘बेली’ म्हणतात आणि लंडनचं प्रसिद्ध फौजदारी न्यायालय ‘ओल्ड बेली’ हे नाव घेऊन बसलंय ते शहराच्या तटाजवळच्या रस्त्यावरून. म्हणजे जगातल्या ज्या इमारतीत जामिनाचा बेल रोज उच्चारला जातो, तिच्या नावातला बेल जामिनाचा नाही. आणि बादलीच्या कडीलाही ‘बेल’च म्हणतात, ती आणखी तिसऱ्याच घरची, उत्तरेकडच्या ‘वाकवणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेली. बेलची बेल धरून बेल करा! इथे थांबते.)

राहिला पैशाचा अर्थ, म्हणजे ज्यामुळे ‘बेलआउट’ मराठी वर्तमानपत्रांतही तसाच्या तसा आला. २००८ साली अमेरिकेतल्या बँका गडगडल्या. ७०० अब्ज डॉलरच्या मदतीचं विधेयक २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं, त्या एका दिवसात शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला, आणि चार दिवसांत सुधारलेलं विधेयक मंजूर होऊन ३ ऑक्टोबरला त्यावर सही झाली. त्या वर्षी मेरियम-वेब्स्टर कोशवाले आणि भाषाभ्यासकांची अमेरिकन डायलेक्ट सोसायटी, दोघांनीही ‘बेलआउट’ला वर्षाचा शब्द ठरवलं. शब्द काही तेव्हा जन्मलेला नव्हता. १९७१मध्ये विमानं बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीसाठी २५ कोटी डॉलरच्या कर्जहमीचं विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८ अशा एका मताने तरलं. १९७५मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या दारात उभं असताना अध्यक्ष फोर्ड यांनी शहराच्या ‘बेलआउट’चं कुठलंही विधेयक आपण नाकारू, असं भाषणात सांगितलं, दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’ने मथळा दिला की फोर्ड शहराला म्हणतात, मर जा. ते तसं म्हणाले नव्हते, पण मथळा अजरामर झाला, आणि पुढे त्याच फोर्डनी शहराला कर्ज देण्याच्या कायद्यावर सही केली. मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लरला जानेवारी १९८०च्या कायद्याने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली.

हा अर्थ कुठल्या घरचा? कोर्टातला की होडीतला? वर्तमानपत्रांचे व्यंगचित्रकार डोळे झाकून होडी काढतात: बँक बुडतेय, आत पाणी, सरकार बादली घेऊन. चित्र झकास जमतं. पण माझा प्रश्न विचारून बघा. बाहेर कोण पडलं? बँक. अडकलेली बँक संकटातून बाहेर आली आणि तिच्यासाठी पैसे मोजणारा किंवा हमी देणारा तिसराच कुणी होता. हे कोर्टाचं व्याकरण आहे. लॉकहीडला आणि क्रायस्लरला तर सरकारने रोख दिलीच नव्हती, हमी दिली होती, म्हणजे शब्दशः जामीन राहिलं. ब्रिटिश लेखकही इथे सहसा गासडीचं स्पेलिंग वापरत नाहीत. होडी नंतर येऊन बसली असावी, चित्र सोपं म्हणून. माझं मत कोर्टाच्या बाजूने, आणि सबटायटलमध्ये मी आता ‘तारलं’ लिहीत नाही, ‘सोडवलं’ लिहिते. तारण्यात पाणी येतं.

पुढे याच शब्दाचं शेपूट उलटं फिरलं. बेल-इन. २०१०च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिस्ट’मधल्या एका लेखाने बेल-आउटकडून बेल-इनकडे जाण्याचा पुरस्कार केला, आणि मार्च २०१३मध्ये सायप्रसने ते करून दाखवलं. तिथल्या सगळ्यात मोठ्या बँकेत ज्यांच्या एक लाख युरोंपेक्षा जास्त ठेवी होत्या, त्यांच्या वरच्या रकमेपैकी शेवटी ४७.५ टक्के शेअरमध्ये बदलण्यात आले. बाहेरच्यांनी सोडवायचं नाही, आतल्यांनीच झळ सोसायची. एका शेपटाने केवढा फरक! माझ्या कोशात ‘बेल-इन’ नाही. जुनी आवृत्ती असेल, त्याला दोष देत नाही.

बाकीच्या सातशे पानांबद्दल थोडक्यात सांगते, कारण मी काही सगळी वाचलेली नाहीत. ‘नॉक अप’ उत्तम दिलाय. ब्रिटिश खूण घालून ‘दार ठोठावून उठवणे’ आणि अमेरिकन खूण घालून ‘गरोदर करणे’. ब्रिटनमधल्या गिरणगावांत लांब काठीने खिडक्या ठोठावून कामगारांना उठवणारे ‘नॉकर-अप’ असत, हे दोन ओळींत सांगितलं असतं तर पहिला अर्थ कुणी विसरलं नसतं, पण निदान दोन्ही अर्थांची गफलत होऊन घरमालकिणीवर भलता आळ येणार नाही इतकी काळजी घेतली आहे. ‘मेक अप’ची नोंद पसरट. ‘गेट’ची पानं माझ्या आधीच्या मालकाने इतकी हाताळलीत की कोपरे काळे पडलेत, बिचाऱ्याचं काय अडलं होतं कोण जाणे. मागे शेपटांची सूची आहे, अप म्हणजे कुठल्या अर्थछटा, ऑफ म्हणजे कुठल्या. ही सूची पुढे छापायला हवी होती. तिथेच कोशाने पहिल्यांदा विचार केल्यासारखा वाटतो.

घ्यावा का? बोलणारा-लिहिणारा असाल, कर्म कुठे ठेवायचं यावर अडत असाल, तर जरूर. उदाहरणवाक्यांसाठी पाचपैकी साडेचार. शब्द कुठून आला हे कळल्याशिवाय ज्यांच्या डोक्यात तो बसत नाही, त्यांनी शेजारी एक व्युत्पत्तिकोश ठेवावा; त्या बाबतीत याला दोन, आणि तेही मुंगीटाइपातल्या कंसासाठी. भाषांतर करणाऱ्यांनी घ्यावा, पण चित्र बघूनच काम करावं.

परवा एका कॉलेजातल्या मुलांच्या मालिकेचा भाग आला होता. एक पोरगा मोबाइलकडे बघतो, जॅकेट उचलतो आणि म्हणतो, “आय गॉट टू बेल.” आउट नाहीच. शेपूट गळून पडलेलं. स्केटबोर्डवाली पोरं उडी फसतेय असं दिसलं की फळी सोडून देतात, त्यालाही नुसतं ‘बेल’ म्हणतात. भेटायचं ठरवून ऐनवेळी टांग देणं म्हणजे कुणावर तरी ‘बेल ऑन’. पान ११वर यातलं काही नाही. माझा प्रश्न विचारला. बाहेर कोण पडलं? हाच, स्वतः, विमानातल्यासारखा. फक्त आग लागलेली नाही. दोन सेकंदांची ओळ होती. मी लिहिलं, “चल, सटकतो.” आणि कोशाच्या उजव्या समासात, पाचव्या अर्थाखाली, पेन्सिलने सहावा आकडा घातला.